जुनी रिफिल फेकू नका, आधी मोजा! हाताने घडवलेल्या पेनाला कोणती रिफिल बसते?

धायरी : सेवापूर्ती, सत्कार, वाढदिवस, शाळेचा निरोप समारंभ. शाल-श्रीफळाबरोबर हल्ली लाकडी पेटीतलं एखादं हाताने घडवलेलं पेनही मिळतं. सागवानी नाहीतर शिसवी, वर पितळी कडी, हातात घेतलं की वजन जाणवणारं. पहिले काही महिने माणूस हौसेने सही करतो. मग एक दिवस अक्षर फिकं पडतं, कागदावर नुसता ओरखडा उठतो आणि पेन शोकेसमध्ये जाऊन बसतं ते कायमचं.

त्या पेनाला काहीच झालेलं नसतं. नुसती आतली रिफिल संपलेली असते. पण गावातल्या दुकानात दाखवलं की दुकानदार डब्यातल्या दोन-तीन रिफिल आत घालून बघतो. एक लांब पडते, एक आत खुळखुळते, एकीचं टोकच बाहेर येत नाही. "याची नाही मिळणार, बाहेरची आहे," असं म्हणून तो पेन परत देतो. हजार-दोन हजारांची वस्तू पाच मिनिटांत निकालात निघते.

खरं तर बहुतेक वेळा तिला बसणारी रिफिल मिळते. फक्त नावाने मागून भागत नाही, मापाने मागावी लागते. शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. ठिबकची नळी १६ एमएमची आणि जॉइनर १२ चा आणला तर दुकानदाराला दोष देऊन काय उपयोग? पेनाचंही तसंच आहे.

आधी आपलं पेन कोणतं ते ओळखा

लाकडी पेन म्हटलं की सगळी सारखी वाटतात, पण आतून दोन जाती वेगळ्या असतात. पेन मधोमध पिळलं की टोक बाहेर येतं, किंवा वरून टक्‌ असं दाबावं लागतं, ते बहुधा साधं बॉलपेन. ज्याला वेगळं टोपण आहे, टोपण काढलं की निबेच्या पेनासारखा निमुळता भाग दिसतो पण पुढे निबेऐवजी बारीक टोक असतं, ते बहुधा रोलरबॉल.

छर्रा दोन्हीत असतो. फरक शाईत आहे. बॉलपेनाची शाई तेलाची, घट्ट, ग्रीससारखी. ती सहज सुकत नाही म्हणून टोपणाची गरज नसते. लाझलो बिरो या हंगेरियन माणसाने १९३८ साली पेटंट घेतलं ते या जातीच्या पेनाचं. रोलरबॉलची शाई पाण्याची, पातळ. ती आली नंतर, १९६० च्या दशकात जपानमधून. पातळ शाईमुळे हात न दाबता अक्षर उमटतं, निबेच्या पेनासारखं गडद दिसतं. पण त्याच कारणाने शाई भराभर संपते, आणि टोपण उघडं राहिलं तर टोक सुकतं. जेल पेन या दोघांच्या मधलं. त्याची शाईही पाण्याचीच, पण दाट केलेली. ती छर्रा फिरला की पातळ होते आणि थांबला की परत घट्ट.

हे एवढं सांगायचं कारण म्हणजे हाताने बनवलेल्या रोलरबॉल पेनात या तिन्ही जातींच्या रिफिल बसू शकतात. माप जुळलं पाहिजे, बस्स. मूळ पेनाबरोबर आलेली परदेशी रिफिल मिळाली नाही म्हणून अडून बसायचं कारण नाही.

पेन आधी की रिफिल आधी?

धायरी-नऱ्हे भागात लहान लहान लेथची वर्कशॉप आहेत. तिथे काम करणाऱ्या कोणालाही विचारा, भोक कितीचं पाडायचं हे आत काय बसणार त्यावर ठरतं. शाफ्ट हातात नसताना बुश कोणी कातत नाही. पेन कातणाराही आधी रिफिल हातात घेतो, तिच्या जाडीचं भोक पाडतो, तिच्या लांबीएवढी जागा आत ठेवतो आणि मग बाहेरचा आकार देतो. म्हणजे बाहेरून आपल्याला सागवान दिसतं, पण पेनाचं खरं माप आतल्या दहा-वीस रुपयांच्या नळीने ठरवलेलं असतं.

हाताने पेन बनवण्याची आपल्या देशात जुनी परंपरा आहे. आंध्रातल्या राजमहेंद्रीचं रत्नम पेन १९३२ पासूनचं, स्वदेशीच्या चळवळीतून आलेलं. पुण्यातही फॉस्फर या नावाने हाताने पेनं घडवली जातात आणि ती लांब लांब जातात. पण ही मंडळी मुख्यतः निबेच्या पेनासाठी ओळखली जातात. निबेच्या पेनाला रिफिलची भानगडच नाही. शाईची बाटली आणली की झालं. आपल्याकडे दांडेकरांच्या कॅमलिनने १९३१ पासून शाईचा धंदा केला, त्या शाईवर दोन-तीन पिढ्या लिहायला शिकल्या. ती बाटली कोणत्याही पेनाला चालायची, कारण शाईला लांबी-रुंदी नसते. रिफिलला असते. घोळ इथूनच सुरू होतो.

रोलरबॉल पेनं बनवणारे हौशी कारागीर बऱ्याचदा धातूचे सुटे भाग तयार आणतात. पुढचा निमुळता भाग, आटे, टोपणाची क्लिप, कड्या असा एक संच मिळतो. कारागीर लाकूड कातून मधली नळी आणि टोपण बनवतो आणि हे भाग त्यावर बसवतो. त्यामुळे लाकूड मावळातलं असलं तरी आतलं माप बहुतेक वेळा युरोपातलं असतं. ही तक्रार नाही, उलट आपल्या सोयीचीच गोष्ट आहे. कारण ते माप ठरलेलं आहे, आणि एकदा कळलं की कायमचं कळलं.

तीन आकडे ध्यानात ठेवा : ९८, १११, ११६

हे तीन आकडे मिलिमीटरमध्ये आहेत आणि रिफिलच्या एकूण लांबीचे आहेत. एखाद-दुसऱ्या मिलिमीटरचा फरक कंपनीगणिक पडतो, पण ओळखायला हे तीन पुरेत. जाडी तिघांचीही साधारण ६ मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणून नुसतं बघून फसायला होतं.

९८ ची म्हणजे पार्कर पद्धतीची बॉलपेन रिफिल. आखूड, जाड, धातूची, मागच्या टोकाला प्लास्टिकची खाचेदार शेपटी. पार्करने जॉटर हे पेन १९५४ साली बाजारात आणलं, त्यावरून आपल्याकडचे दुकानदार या रिफिलला आजही 'जॉटर रिफिल' म्हणतात, मग ती कोणत्याही कंपनीची असो. तालुक्याच्या गावी हमखास मिळते ती हीच.

१११ ची म्हणजे रोलरबॉलची सगळ्यात जास्त चालणारी युरोपी पद्धतीची रिफिल. हाताने बनवलेल्या टोपणाच्या पेनात शक्यता हिचीच जास्त. जर्मनीच्या श्मिट कंपनीची ८८८ किंवा ५८८८ नंबरची रिफिल या मापाची असते, आणि पेन कातणाऱ्या मंडळींत जगभर तीच वापरली जाते. रिफिलच्या अंगावर बारीक अक्षरात नाव-नंबर छापलेला असतो. चष्मा लावून, नाहीतर मोबाईलच्या कॅमेऱ्याने मोठं करून वाचा. निम्म्या वेळा प्रश्न तिथेच सुटतो.

११६ ची म्हणजे पार्करचीच, पण रोलरबॉलची रिफिल. इथे पुष्कळ लोक फसतात. दुकानात जाऊन "रोलरबॉलची रिफिल द्या" म्हटलं की दुकानदार पार्करची देतो, कारण त्याच्याकडे तीच असते. दिसायला अगदी तशीच. घरी आणून घातली तर पेन पूर्ण आवळलं जात नाही, आट्यांत फट राहते. काहीजण जोर लावून आवळतात. तसं करू नका. पाच मिलिमीटर जागा नसताना जोर लावला तर एक तर पितळी भागाचे आटे जातात, नाहीतर पुढचं टोक वाकतं.

याशिवाय पिळायच्या सडपातळ लाकडी पेनात एक बारीक धातूची रिफिल असते, वरच्या टोकाला प्लास्टिकचा भाग असलेली. ती क्रॉस पद्धतीची. तिचा आणि वरच्या तिघींचा काही संबंध नाही. 'क्रॉस टाइप बॉलपेन रिफिल' म्हणून मागायची. आणि व्हिजिटिंग कार्डाएवढ्या पेनात किंवा तीन-चार रंगांच्या पेनात ६७ मिलिमीटरची काडीसारखी रिफिल असते, तिला डी-१ म्हणतात. एवढं पुरे, आपला विषय टोपणाच्या पेनाचा आहे.

'जी-२' चा घोळ

ऑनलाइन मागवणाऱ्यांसाठी हा भाग जरा नीट सांगतो, कारण इथे पैसे वाया जातात.

रिफिलच्या मापांचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. बॉलपेनासाठी आयएसओ १२७५७, रोलरबॉलसाठी वेगळं. बॉलपेनाच्या मानकात मापांना अक्षर-आकड्यांची नावं दिली आहेत. त्यात पार्कर पद्धतीच्या ९८ मिलिमीटरच्या रिफिलचं नाव आहे जी-२. आता योगायोग असा, की जपानच्या पायलट कंपनीचं एक जेल पेन आहे, त्याचंही नाव जी-२. त्या पेनाची रिफिल मात्र लांब, १११ च्या आसपासची, प्लास्टिकची.

म्हणजे मोबाईलवर 'जी-२ रिफिल' असं टाकलं की दोन्ही समोर येतात. एक ९८ ची, एक १११ ची. फोटोत लांबी कळत नाही. वर्णनात 'पार्कर टाइप' किंवा 'पार्कर स्टाइल' लिहिलं असेल तर ती आखूड. पायलटचं नाव असेल तर ती लांब. आणि दोन्हीपैकी काहीच लिहिलं नसेल, लांबी दिलेली नसेल, तर ऑर्डर टाकू नका. दुकान कितीही मोठं असू द्या.

गंमत अशी की पायलट जी-२ ची ही लांब जेल रिफिल श्मिटच्या जागी पुष्कळ हाताने बनवलेल्या पेनांत चालते. तसंच पेंटेलच्या एनरजेल पेनाची रिफिल. युनिबॉलच्या सिग्नो २०७ या जेल पेनाचीही लांबी त्याच घरातली. परदेशातले हौशी लाकूडकातारी तर मुद्दाम महागडी रिफिल काढून ही घालतात. पण तिघींच्या शेपटीचा आणि टोकाचा आकार थोडा थोडा वेगळा आहे, त्यामुळे एक आणून घालून बघावी, मग डझनाचा विचार करावा.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. बाजारात सहज मिळणाऱ्या काही रोलर पेनांना रिफिलच नसते. पायलटचं नेहमीचं व्ही-५, युनिबॉलचं आय, ही पेनं संपली की संपली. त्यांची शाई थेट नळीत भरलेली असते. ती फोडून आतलं काही आपल्या लाकडी पेनात बसेल असं समजू नका. शाई अंगावर उडेल, बाकी काही होणार नाही.

मोजायचं कसं?

कंपासपेटीतली १५ सेंटीमीटरची पट्टी पुरते. मात्र पट्टीच्या शून्यापाशी बघा, काही पट्ट्यांना शून्याआधी मोकळी जागा सोडलेली असते. संपलेली रिफिल बाहेर काढा, टोक शून्यावर ठेवा आणि शेपटीपर्यंत मिलिमीटर मोजा. शेपटीचं प्लास्टिकही धरायचं.

मग जाडी. घरात व्हर्निअर नसेल तर गावातल्या वेल्डिंग नाहीतर मोटर वाइंडिंगच्या दुकानात असतो, दोन सेकंदांचं काम आहे. तोही नसेल तर कागदाची पट्टी रिफिलभोवती एकदा घट्ट गुंडाळा, जिथे कागद जुळला तिथे खूण करा, उलगडून मोजा आणि त्याला ३.१४ ने भागा. १९ मिलिमीटर आलं तर जाडी ६. शाळेतलं गणित कधीतरी असं उपयोगी पडतं.

तिसरं आणि सगळ्यात दुर्लक्षित माप म्हणजे टोकाचं. रिफिल पुढे बारीक होत जाते, मग एके ठिकाणी एकदम जाड होते. त्या पायरीला खांदा म्हणू. पेनाच्या पुढच्या भागात आतून जी कड असते, तिच्यावर हा खांदा टेकतो आणि रिफिल तिथेच थांबते. खांद्यापासून टोकापर्यंतचं अंतर कमी असेल तर टोक बाहेर येणार नाही, जास्त असेल तर टोक फार बाहेर येऊन लचकेल आणि टोपण लावताना आत आपटेल. लांबी बरोबर, जाडी बरोबर, तरी पेन चालत नाही, अशी तक्रार असेल तर दोष बहुतेक इथेच असतो. जुनी आणि नवी रिफिल टेबलावर शेजारी शेजारी उभ्या ठेवून खांदे एका रेषेत येतात का ते डोळ्यांनीच बघायचं. म्हणून म्हणतो, जुनी रिफिल फेकू नका. ती तुमचा नमुना आहे.

तीही हरवली असेल तर? एक बारीक काडी, विणायची सुई चालेल, पेनाच्या मागच्या नळीत तळाला टेकेपर्यंत घाला आणि तोंडापाशी नखाने खूण करा. पुढच्या निमुळत्या भागाचंही असंच, कडेपासून आट्यांच्या तोंडापर्यंत. पेन आवळल्यावर आटे एकमेकांत जितके जातात तेवढं वजा करा आणि दोन मापं मिळवा. बाहेर येणाऱ्या टोकाचे दोन-तीन मिलिमीटर त्यात धरा. १०८ ते ११२ च्या मध्ये काही आलं तर १११ ची रिफिल मागायची. मागच्या नळीच्या तळाशी बऱ्याच पेनांत बारीक स्प्रिंग असते. ती एखाद-दोन मिलिमीटर सांभाळून घेते. पेन उघडताना ही स्प्रिंग उडून जाते आणि नंतर रिफिल खुळखुळते असं वाटतं. खाली चटई नाहीतर कापड अंथरून उघडा.

आखूड पडली तर, लांब पडली तर

आखूड रिफिलचा इलाज सोपा आहे. शेपटीमागे पॅकिंग द्यायचं. समजा १११ च्या पेनात गावात मिळणारी ९८ ची जॉटर रिफिल घालायची आहे. १३ मिलिमीटरचा फरक. जुन्या जेल पेनाच्या जाड प्लास्टिक नळीचा तेवढा तुकडा कापून मागे ठेवला की काम भागतं. तुकडा सरळ कापलेला हवा, तिरका असेल तर रिफिल एका बाजूला कलते. कागदाचा बोळा कोंबू नका, तो दोन दिवसांत दबतो आणि लिहिताना टोक मागे जातं. अर्थात इथेही आधी खांदा बघायचा. खांदा जुळत नसेल तर मागे कितीही पॅकिंग द्या, पुढून काही होणार नाही.

या उपायाने रोलरबॉलचं बॉलपेन होतं. हात थोडा जास्त दाबावा लागतो, अक्षर तितकं गडद येत नाही. पण पेन चालू राहतं, आणि रिफिल कुठेही मिळते. ज्यांना रोज रजिस्टर भरायचं, पावत्या फाडायच्या, कार्बन ठेवून लिहायचं, त्यांना माझ्या मते हेच बरं. रोलरबॉलने कार्बनची खालची प्रत उठत नाही. श्मिटची पी ८१२६ नावाची एक रिफिल जॉटरच्या मापात असूनही रोलरबॉलच्या शाईची आहे, टोपण नसलं तरी लवकर सुकत नाही. ज्यांना आखूड माप आणि गडद अक्षर दोन्ही हवं, त्यांनी ती मागवून बघावी.

लांब पडलेल्या रिफिलचं जपून. प्लास्टिकची जेल रिफिल मागून कापता येते, तीही वरचा रिकामा भाग तेवढाच. शाईच्या मागे एक पारदर्शक ग्रीससारखा थर दिसतो, शाई सरकते तसा तो पुढे जातो आणि तोच शाईला मागून झाकून ठेवतो. त्याला धक्का लागता कामा नये. कापताना टोक खाली ठेवा, धारदार ब्लेडने एक-दोन मिलिमीटरच घ्या, परत घालून बघा. धातूची रिफिल किंवा पातळ शाईची रोलरबॉल रिफिल कधीही कापू नका. पातळ शाई धरून ठेवायला आत बोळा किंवा झडपेसारखी रचना असते, ती उघडली की शाई खिशात.

आणखी एक सवय आपल्याकडे घरोघर आहे. रिफिल अडली की टोकाला काडी ओढून शेक द्यायचा, नाहीतर चपलेच्या तळव्यावर रगडायची. घट्ट शाईच्या बॉलपेनाला तो इलाज कधी कधी लागू पडतो. रोलरबॉलला नाही. पाण्याची शाई शेकल्याने आणखी सुकते आणि छर्ऱ्याची खोबण प्लास्टिकची असली तर वितळते. रोलरबॉलचं टोक अडलं तर कोमट पाण्यात मिनिटभर नुसतं टोक बुडवा, सुती कापडावर टेकवून ओल ओढून घ्या आणि हलक्या हाताने रेघा मारा. नवीन रिफिल चालत नसेल तर आधी टोकावर मेणाचा किंवा प्लास्टिकचा थेंब आहे का बघा. तो वाहतुकीत शाई सुकू नये म्हणून लावतात. कित्येक चांगल्या रिफिल तो थेंब न काढल्यामुळे कचऱ्यात जातात.

कागद कोणता, शाई कोणती

रोलरबॉलची शाई पाण्याची, म्हणून पाण्याने पसरते. ओल्या हाताने धरलेला अर्ज, पावसात भिजलेली पासबुकाची झेरॉक्स, त्यावरची सही फुगून निळी ढगाळ होते. चेक, करारनामा, सोसायटीचं कर्जरोखा असं काही असेल तर लाकडी पेनाचा मान ठेवून खिशातलं साधं बॉलपेन काढावं. किंवा त्याच पेनात रंगद्रव्याची जेल रिफिल घालावी. वाळल्यावर ती पाण्याला पुष्कळ जास्त दाद देत नाही. युनिबॉलसारख्या कंपन्या चेकवरची शाई धुऊन खाडाखोड करता येऊ नये म्हणून अशी शाई मुद्दाम बनवतात.

आपल्याकडच्या पातळ वहीच्या कागदावर रोलरबॉल मागच्या बाजूला उमटतं. त्यात पेनाचा दोष नाही. ०.७ ऐवजी ०.५ ची रिफिल घेतली तर कमी उमटतं.

घेणाऱ्याने आणि घडवणाऱ्याने काय करावं

सत्कारासाठी असं पेन घेणार असाल तर लाकूड कोणतं हे नंतर विचारा. आधी विचारा, आत रिफिल कोणती, लांबी किती, आणि ती कुठे मिळते. विकणाऱ्याला उत्तर येत नसेल तर ते पेन घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. पेनाच्या किमतीत अजून दोन रिफिल मागून घ्या. मान्यवरांना पेटी देताना त्यात ठेवा. शालीपेक्षा त्याचा उपयोग होईल. जास्त मात्र साठवू नका. पातळ शाईची रिफिल वर्षानुवर्षं पडून राहिली की आतल्या आत सुकते, त्यात पत्र्याच्या घरातलं कपाट असेल तर लवकर.

दर सांगायचा तर साधी जेल किंवा जॉटर रिफिल दहा रुपयांपासून मिळते. परदेशी रोलरबॉल रिफिल शंभराच्या वर, पुष्कळदा दोन-तीनशेच्या घरात जाते, आणि एकटी मागवली तर कुरिअरचा खर्च वेगळा. म्हणून गावात ज्यांच्याकडे अशी पेनं आहेत त्यांनी, शाळेचे दोन-चार शिक्षक मिळून का होईना, एकत्र मागवावी. पुण्याला जाणं होत असेल तर अप्पा बळवंत चौकात वह्या-पुस्तकांच्या दुकानांत पेनांचीही चांगली दुकानं आहेत. पानशेत, वेल्हे, खडकवासला भागातली मंडळी धायरी फाट्यावरून रोज शहरात जातातच. पेन, जुनी रिफिल आणि कागदावर लिहिलेली तीन मापं बरोबर न्या. दुकानदाराला "माझं पेन हरवलंय असं समजा आणि या मापाची रिफिल द्या" म्हणा. पेन बघितलं की तो कंपनी शोधत बसतो, आणि हाताने घडवलेल्या पेनाला कंपनीच नसते.

लेथवर हौसेने पेन कातणारी तरुण पोरं असतील, त्यांच्यासाठी वेगळं सांगणं आहे. लाकूड आपल्याकडे भरपूर आहे. बाभळीचा गाभा, चिंचेचा गाभा, छाटणीत निघालेलं सागवान, यातून देखणी पेनं होतात. पण गिऱ्हाईक दुसऱ्यांदा यायचं असेल तर भोक अशा रिफिलचं पाडा, जी गिऱ्हाइकाच्या तालुक्यात मिळते. १११ चं पेन बनवत असाल तर सोबत १३ मिलिमीटरचा एक नायलॉनचा तुकडा कातून पेटीत टाका. लेथवर ते मिनिटाचं काम आहे, आणि त्या तुकड्यामुळे तेच पेन जॉटर रिफिलवर चालतं, पुढची कड दोन्ही रिफिलच्या खांद्याला जुळेल अशी ठेवली म्हणजे झालं. पेटीच्या झाकणात आतून एक चिठ्ठी चिकटवा : रिफिलचं नाव, लांबी, जाडी, पर्यायी रिफिल. मोबाईल नंबर बदलतो, चिठ्ठी राहते.

शेवटचा एक मार्ग, ज्यांना रिफिलचा हा सगळा खटाटोप नको त्यांच्यासाठी. तयार सुट्या भागांच्या काही संचांमध्ये रोलरबॉल आणि निबेचं पेन यांची मागची नळी आणि टोपण एकच असतं, फक्त पुढचा निमुळता भाग वेगळा. आटे जुळत असतील तर घडवणाऱ्याकडून निबेचा पुढचा भाग बसवून मिळू शकतो. मग शाईची बाटली कुठल्याही तालुक्याच्या गावातून आणा. पेन बनवणाऱ्याचा पत्ता असेल तर त्याला आट्यांचा जवळून काढलेला फोटो, शेजारी पट्टी ठेवून, पाठवा. पट्टीशिवायच्या फोटोवरून त्याला काही सांगता येणार नाही.